वहीतले शब्द आणि सातबाऱ्यावरची नावं

तामलवाडीच्या आम्हा गटातल्या बायांकडून आज थोडं शब्दांविषयी.

आपल्या बचत गटाची वही उघडा. तारीख, हजेरी, जमा, खर्च, कर्ज, हप्ता, वसूल, बाकी, सही. रोजचे शब्द आहेत, पण यातला एकही मुळात मराठी नाही. 'बचत' तेवढी आपली, बाकी सगळी (ही 'बाकी'सुद्धा) अरबी-फारसीतून आलेली. गावात कुणाला विचारलं तर 'हे उर्दू शब्द' असं सांगतात. तेही अर्धंच खरं. उर्दूनं ते अरबी-फारसीतूनच घेतले, आणि 'उर्दू' हे नाव तर तुर्की, म्हणजे लष्कराची छावणी.

हे शब्द आपल्याकडे दोन फेऱ्यांत आले. पहिली फेरी जुनी. 1347 साली बहमनी राज्य उभं राहिलं, पुढं आदिलशाही आली. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल ज्यांनी बांधला, तेच हे आदिलशहा. दरबाराची भाषा फारसी, त्यामुळं वसुलीची, हिशेबाची, कज्ज्याची भाषाही तीच झाली. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करून घेतला आणि दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. किल्ले-कारभारातले काही पर्याय चालले, पण जमा-खर्च हलला नाही. पैशाचा शब्द बदलला की माणसाला भीती वाटते, असं आम्हाला वाटतं.

दुसरी फेरी खास आपल्या मराठवाड्याची. हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू सरकारी भाषा झाली आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत राहिली. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आपण निजामाच्या. सोलापूरच्या बाजारातून माल आणायचा तर वाटेत जकातीचा नाका, त्याला म्हणत 'करोडगिरी'. रुपयेही दोन. निजामाचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार'. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. कल म्हणजे यंत्र, कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. आणि हाली म्हणजे सध्या चालू असलेला. आपण 'हल्ली' म्हणतो ना, 'हल्ली पाऊस कुठं पडतो', तो शब्द तोच. हाली रुपया कधीच बंद झाला, हल्ली मात्र चालूच आहे.

आता वहीतले शब्द उलगडू. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात, एका खोडाला फांद्या फुटाव्यात तसे. 'जमा' म्हणजे गोळा झालेलं. त्याच मुळातून जमाव, जमात, आणि नमाजाला सगळे गोळा होतात तो जुम्मा. 'खर्च' म्हणजे बाहेर पडलेलं. अर्ज 'खारीज' झाला म्हणतात तो याच घरातला, बाहेर काढला. उलट 'दाखल' म्हणजे आत शिरलेला, दाखलाही त्यातलाच. 'वसूल' म्हणजे पोचणं. कर्जाचा पैसा गटाकडं परत पोचला की वसूल. 'मंजूर' हा नजरेचा भाऊ, साहेबांच्या नजरेखालून गेलेला कागद. म्हणून तर अर्ज तिथं महिनोन्महिने पडून असतो, नजरच वळत नाही!

'महसूल' आणि 'तहसील' ही सख्खी भावंडं, दोन्हींच्या मुळाशी हासिल करणं, गोळा करणं. तालुका म्हणजे संबंध, कशाला तरी जोडलेला भाग. जिल्ह्याचा मूळ अर्थ ऐकून आमच्या बैठकीत हसू फुटलं: बरगडी. धाराशिव ही बरगडीच म्हणायची.

'हप्ता' आम्हाला सगळ्यांत आवडतो. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, सात दिवसांचा तो हफ्ता. संस्कृतात सात म्हणजे सप्त, त्याचा सप्ताह. फारसी आणि संस्कृत या जुन्या बहिणी, एकीच्या तोंडी 'स' तिथं दुसरीच्या तोंडी 'ह'. गावात बसतो तो हरिनाम सप्ताह आणि बँकेचा हप्ता नात्यानं चुलत भाऊ लागतात. एकाचं पुण्य मिळतं, दुसऱ्याचं व्याज लागतं.

'जामीन' आणि 'जमीन' यांचं मात्र काही नातं नाही. जामीन अरबी, जमीन फारसी. पण जामीन राहून जमीन गेलेली घरं आपल्या भागात कमी नाहीत.

आता जरा थांबून बायांच्या नावांकडं बघू. जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढं 'वल्द' किंवा 'बिन' असतं, दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढं काय? 'जौजे' अमुक, 'कोम' तमुक, नवरा गेलेला असेल तर 'बेवा'. कोम म्हणजे मुळात जमात, लोक. नवऱ्याच्या लोकांतली ती, एवढीच तिची ओळख. जौजे हा शब्द त्या मानानं बरा. अरबीत 'जौज' म्हणजे जोडीतला एक. नवरा-बायको दोघांनाही लागणारा शब्द, पण कागदावर तो फक्त बायकोच्या वाट्याला आला. बेवा म्हणजे विधवा. आणि ज्या कागदांवर ही बेवा भेटते, तिथं ती बऱ्याचदा नवरा गेला म्हणूनच वारस म्हणून आलेली असते. नवरा जिवंत असेपर्यंत जमिनीच्या कागदाला तिची गरज नव्हती.

1992 साली शासनानं लक्ष्मीमुक्ती योजना आणली, नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्रानं 1994 साली केला, 2005 साली तो देशभर आला. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. वल्द आणि जौजेच्या काळातल्या बायांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पदर तोंडाला लावला असता.

इतकं झालं तरी एक कागद अजून जोरात चालतो: हक्कसोडपत्र. 'हक्क' या अरबी शब्दाचे अर्थ दोन, खरं आणि न्यायानं आपलं असलेलं. भाऊ साडी-चोळी करतो आणि त्याच दिवशी तालुक्याला सहीला नेतो. 'सही' म्हणजे तरी काय? बरोबर, योग्य. ते योग्य आहे का, हे सही करायच्या आधी विचारायचं असतं. कुणी विचारपूर्वक सोडत असेल तर तो तिचा निर्णय, आम्ही कुणाच्या घरात भांडण लावायला बसलेलो नाही. पण काय सोडतोय ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाला तरी सोबत न्या.

आणखी एक. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मोल आलं. आपल्या घरांतही ट्रंकेच्या तळाशी असे कागद आहेत. उर्दू आहे, वाचता येत नाही, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ते चुलीत जातात. या वेळी जाळू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बैठकीला आणा. गटातल्या ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांच्याकडून वाचून घेऊ, आणि 'जौजे' किंवा 'बेवा' यांच्या मागं कुणाची पणजी, कुणाची आजेसासू उभी आहे ते वहीत लिहून ठेवू.