कचऱ्याचा कर्ता कोण?

‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिच्या व्याकरणाकडे आपले लक्ष जात नाही. या वाक्यात कर्ता नाही. तरीही तो आपणच, असे वाचणारा प्रत्येक जण निमूटपणे गृहीत धरतो. ज्याने ते वेष्टन बनवले, त्याच्याकडे ही पाटी बोट दाखवीत नाही. हा अध्याहृत कर्ता इतिहासात कसा घडला आणि पुढे कसा बदलू लागला, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत शीतपेयाची रिकामी बाटली हा सहसा कचरा नव्हताच. ती अनामत रकमेवर मिळे, दुकानात परत जाई आणि धुतली जाऊन पुन्हा भरली जाई. तिला परत आणण्यात उत्पादकाचेच हित होते. दुसऱ्या महायुद्धानंतर एकदाच वापरायचे डबे आणि बाटल्या यांचा प्रसार झाला. परतीचा खर्च कारखान्याच्या हिशेबवहीतून पुसला गेला आणि रिकाम्या वस्तू रस्त्यांच्या कडेला व शेतांत दिसू लागल्या. १९५३ साली व्हरमाँट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी केली. त्याच वर्षी ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. डबे व बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या तिच्या संस्थापकांत होत्या. व्हरमाँटचा कायदा चार वर्षांत संपुष्टात आला, संस्था टिकली. १९७१ च्या वसुंधरा दिनी तिने प्रसृत केलेल्या जाहिरातीत रस्त्यावरचा कचरा पाहून एक आदिवासी पुरुष अश्रू ढाळतो. ती भूमिका करणारा नट वस्तुतः इटालियन वंशाचा होता. प्रदूषण माणसेच करतात आणि तीच ते थांबवू शकतात, असा त्या जाहिरातीचा आशय होता. त्यात असत्य काही नव्हते. फक्त ‘माणसे’ या शब्दात कारखानदार मोडत नव्हता. मात्र त्याच वर्षी ऑरेगॉन राज्याने बाटल्यांवरील अनामत कायद्याने सक्तीची केली, याचीही नोंद घ्यायला हवी.

कर्ता खऱ्या अर्थाने बदलला तो जर्मनीत. कचरा पुरण्याच्या जागा भरत आल्या होत्या आणि विल्हेवाटीचा भार नगरपालिकांवर, म्हणजे पर्यायाने करदात्यांवर, होता. १९९१ साली पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर यांच्या कारकिर्दीत वेष्टनविषयक अध्यादेश निघाला : ज्याने वेष्टन बाजारात आणले, त्यानेच ते परत घ्यावे. सामाईक व्यवस्थेत शुल्क भरून सामील होणाऱ्यांना घरगुती वेष्टने स्वतः परत घेण्यातून सूट होती. अशी व्यवस्था उद्योगांनी १९९० सालीच उभी केली होती. तिची खूण म्हणजे ‘हिरवा ठिपका’. स्वीडनमधील टोमास लिंडक्विस्ट यांनी ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ ही संज्ञा मांडली तीही १९९० मध्येच.

साहित्याच्या अभ्यासकांनी या ठिपक्याकडे थोडे निरखून पाहावे. ‘हे वेष्टन पुनर्वापराचे आहे’ असे तो सांगतो, असा ग्राहकांचा समज झाला. प्रत्यक्षात तो एवढेच सांगे की शुल्क भरले आहे. पुष्कळांनी तेही पुरते भरले नव्हते. लोकांनी मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेष्टने वेगळी करून दिली. १९९३ मध्ये ही व्यवस्था दिवाळखोरीच्या काठावर आली आणि गोळा झालेल्या प्लास्टिकचा काही भाग परदेशी गेला. तरीही कल्पना तगली. १९९४ मध्ये युरोपीय संघाने वेष्टनांविषयी स्वतंत्र निर्देश काढला. वर्गीकरणाचे श्रम घरोघरीच राहिले, पण बिल कोणाच्या नावे निघावे हे बदलले. हा बदल लहान नव्हे : बिल आपल्या नावे आले की वेष्टन हलके करण्याची बुद्धी कारखानदाराला होते.

भारतात ही संज्ञा २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांतून आली, २०१६ च्या नियमांनी ती पक्की झाली आणि २०२२ मध्ये तिच्यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांत वर्षवार उद्दिष्टे आणि प्रमाणपत्रांची देवघेव आहे. आपल्याकडे मात्र या वाक्यात तिसरे एक पद पूर्वीपासून आहे. १९९३ साली पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तेव्हा हे काम करणारी माणसे कोणत्याही कायद्यावाचून वेष्टने वेचीतच होती. त्यांची निवड भंगाराच्या भावावर चाले : बाटलीला भाव आहे म्हणून ती उचलली जाते, शांपूच्या किंवा गुटख्याच्या बहुपदरी पुडीला घेणारा नाही म्हणून ती गटारात उरते. उत्पादकाच्या जबाबदारीची खरी कसोटी ही पुडी आहे. प्रमाणपत्र कागदावर फिरले आणि पुडी वेचणाऱ्या बाईच्या हातात त्यातले काही पडले नाही, तर हिरव्या ठिपक्याचीच कथा आपण पुन्हा लिहू.

ज्यांच्या मेहनतीवर हे वाक्य उभे आहे त्यांना त्यात स्थान मिळेपर्यंत, कर्ता बदलूनही वाक्य अपुरेच राहील, असे आम्हांस वाटते.