बहिष्कृत मजुरांची बांधकाम संस्था

उत्तर केरळमधील वडकरा परिसरात वाग्भटानंद या सुधारकाच्या आत्मविद्या संघाने जातिभेद व अंधश्रद्धा यांवर प्रहार केला. त्याची किंमत अनुयायांनी मोजली. जमीनदारांनी त्यांना काम देणेच थांबवले. सुधारणा स्वीकारावी, तर घरची चूल विझते, असा तो पेच होता.

1925 साली 14 तरुणांनी मजुरांचीच परस्पर साहाय्य संस्था स्थापन केली. भांडवल नाममात्र, कामेही लहानसहान. परंतु मजूर स्वतःच कंत्राटदार झाला, आणि माझ्या मते ही क्रांती संघाच्या प्रवचनांहून तसूभरही उणी नव्हती.

तीच आजची ‘उरालुंगल श्रमिक कंत्राट सहकारी संस्था’. हजारो कामगार, आणि संचालक मंडळ कामगार-सभासदांनीच निवडलेले! रस्ते-पुलांखेरीज इरिंगल येथील हस्तकला ग्राम व कोळिकोडचे सायबर पार्क हीही तिचीच कामे.

कोचीचा पालारिवट्टम उड्डाणपूल 2016 मध्ये खुला झाला आणि अवघ्या तीन वर्षांत दुरवस्थेमुळे बंद करावा लागला. दिल्ली मेट्रो महामंडळाच्या देखरेखीखाली त्याच्या पुनर्बांधणीचे काम याच संस्थेकडे आले. मार्च 2021 मध्ये त्यावरून पुन्हा वाहने धावू लागली.