बोअरच्या मोटारीत पाणी का भरतात? खोल समुद्रातही हाच उपाय

छत्रपती संभाजीनगर : सबमर्सिबल मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी मिस्त्री तिच्यात स्वच्छ पाणी भरतो. विजेच्या मोटारीत पाणी कशाला, असा प्रश्न अनेक शेतकऱ्यांना पडतो. त्याचं एक कारण आहे पाण्याचा दाब.

दाब किती असतो?
पाण्याखाली दर ३३ फुटांना (१० मीटर) प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. ठिबकच्या गेजवर दिसतो तोच हा किलो. मोटारीच्या वर ३३० फूट पाणी उभं असेल तर दाब १० किलो. इथं बोअरची खोली नाही, मोटारीच्या वरचं पाणी मोजायचं. समुद्रात ६,००० मीटरवर हा दाब ६०० किलो होतो. म्हणजे एका चौरस सेंटीमीटर जागेवर सहा क्विंटल!

उपाय दोन
पहिला, जाड कवच. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मत्स्य ६०००’ या यानात तीन माणसं बसणार असल्यानं त्यांच्यासाठी ८ सेंटीमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा ठरवला आहे.
दुसरा उपाय, आत हवेची पोकळीच ठेवायची नाही. खोल समुद्रातल्या यंत्रांच्या अनेक मोटारी आणि सर्किट तेल भरलेल्या डब्यात असतात. या तेलातून वीज वाहत नाही. डब्याला रबरी पिशवी जोडलेली असते. बाहेर जेवढा दाब, तेवढाच आत तयार होतो, म्हणून डबा चेपत नाही. भरीव सुटे भाग सहसा टिकतात, आतून पोकळ असलेले चेपतात. असे भाग बदलावे लागतात किंवा जाड कवचात ठेवावे लागतात.

बोअरमध्ये काय होतं?
पाणी भरलेल्या मोटारीत बुडाशी रबरी पडदा असतो, तो हेच काम करतो. वाइंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असल्यानं आतलं पाणी चालतं. हे पाणी बेअरिंगला वंगण देतं, मोटार थंड ठेवतं.

मोटार सोडताना
• मोटार उभी धरून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरा. हवा राहिली तर बेअरिंग कोरडं फिरतं.
• तेलाच्या मोटारीत पाणी भरू नका. कंपनीचं माहितीपत्रक पाहा.
• केबलच्या तिन्ही तारांचे जोड एकाच जागी घेऊ नका, मागे-पुढे घ्या. दाबानं पाणी बारीक फटीतूनही आत शिरतं.
• जोड पाण्यात बुडवून मिस्त्रीकडून मेगरनं तपासून घ्या. मोटार पुन्हा वर काढण्याचा खर्च वाचतो.