तळटीप : सांस्कृतिक सुरक्षितता

१. सांस्कृतिक सुरक्षितता : माओरी परिचारिका व अध्यापिका इरिहापेटी रॅम्सडेन (१९४६–२००३) यांनी न्यूझीलंडमध्ये हा विचार मांडला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस माओरी विद्यार्थिनींच्या अनुभवांतून तो आकाराला आला आणि १९९२ मध्ये तेथील नर्सिंग कौन्सिलने परिचर्या-शिक्षणात त्याचा समावेश केला. अमेरिकेतील मॅडेलिन लायनिंजर यांच्या आंतरसांस्कृतिक परिचर्येत रुग्णाच्या चालीरीती जाणून घेण्यावर भर होता. रॅम्सडेन यांचे म्हणणे असे, की परिचारिकेने आधी स्वतःचे पूर्वग्रह आणि आपल्या हातातील अधिकार तपासावेत. मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे मात्र रुग्णाने ठरवावे.

याचा प्रत्यक्ष अर्थ तपासणीच्या वेळी कळतो. माओरी परंपरेत डोके पवित्र मानतात. म्हणून डोक्याला हात लावण्यापूर्वी परवानगी विचारायची, डोक्याखालची उशी पायांखाली घ्यायची नाही. बाळंतपणानंतर वार जमिनीत पुरण्याची रीत आहे. ती कुटुंबाला घरी न्यायची आहे का, हे प्रसूतीआधीच विचारून नोंदवायचे. मात्र प्रत्येक माओरी रुग्ण हे पाळतोच असे गृहीत धरणे हाही पूर्वग्रहच. त्यामुळे पाठ केलेल्या यादीपेक्षा ‘तुमच्यासाठी काय सांभाळावे?’ हा साधा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

पुढील प्रकरणातील रुग्ण-मुलाखती वाचताना, प्रश्न कोण विचारते आहे आणि उत्तर नाकारण्याची मोकळीक रुग्णाला आहे का, याकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. – संपा.