फर्मान आणि उद्देशिका

राज्यघटनेचा इतिहास आपण बहुधा दिल्लीच्या सभागृहापासून सांगावयास लागतो. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटनासमिती भरली, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली, एवढे सांगितले की आपले काम संपले असे वाटते. परंतु धाराशिवच्या माणसाने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या सभागृहात आपला प्रतिनिधी कोण होता? कोणीही नव्हता. हैदराबाद संस्थानाने तेथे प्रतिनिधी पाठविलेच नाहीत. मग ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांत आपण केव्हा व कसे सामावलो?

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी अस्सल कागद पुढे ठेवून सोडवावा, आणि गटागटाने सोडवावा, असे आम्हांस वाटते. प्रत्येक कागद आपल्या धन्याची बाजू मांडत असतो. एका गटाने एक कागद वाचावा आणि दुसऱ्याने त्याची उलटतपासणी घ्यावी, म्हणजे साक्षीचे मोल कळते.

पहिल्या गटाने १९३९ च्या राजकीय सुधारणांची घोषणा घ्यावी. अरवमुदू अय्यंगार समितीच्या शिफारशींतून त्या निघाल्या. त्यांत प्रतिनिधित्व प्रदेशवार नव्हते. जमीनदार, कुळे, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांनुसार होते. म्हणजे धंदेवाल्यांना जागा होती, नागरिकाला नव्हती.

दुसऱ्या गटाने जून १९४७ चे फर्मान वाचावे. भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही घटनासमितीत संस्थान सामील होणार नाही, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यात जाहीर केले. एका माणसाच्या सहीने लाखो लोकांची जागा रिकामी राहिली.

तिसऱ्या गटाकडे नोव्हेंबर १९४९ चे फर्मान द्यावे. भारताची घटनासमिती जी घटना स्वीकारील तीच हैदराबादची घटना राहील, असे त्याच निजामाने त्यात जाहीर केले. दोन फर्मानांच्या दरम्यान काय घडले? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. परंतु फौजेच्या आधी काय झाले, हे कोणतेही फर्मान सांगत नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्याचे नेते झाले. त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आल्या; त्या फर्मानांशेजारी ठेवून वाचाव्यात. आठवणींतही लेखकाची बाजू असतेच, हे मात्र विसरू नये.

चौथ्या गटाने घटनासमितीचे कामकाज घ्यावे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. फर्मानाला दुरुस्ती सुचविता येत नाही; राजाज्ञा आणि राज्यघटना यांतील भेद या दोन आकड्यांत सापडतो.

आता वादाचा मुद्दा येतो. आपली घटना आपल्याला फर्मानाने मिळाली, असे कोणी म्हणेल. कागदापुरते ते खरे आहे. परंतु संमती एकाच कागदावर नोंदली जात नाही. १९५२ साली हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेची पहिली निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. ज्या कुणब्याला, ज्या मजुराला, ज्या स्त्रीला कोणत्याही दरबाराने विचारले नव्हते, त्यांच्यापुढे मतपत्रिका आली. घटनेच्या निर्मितीत आपण नव्हतो, पण ती राबविण्यात पहिल्या दिवसापासून आहोत. आमच्या मते आपली खरी स्वाक्षरी तेथे आहे.

विद्यार्थ्यांनी हे मत आमच्या शब्दावर स्वीकारू नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती आपल्या जिल्ह्यात किती मिटली, हे कागद वाचून झाल्यावर गावात जाऊन पाहावे लागेल. घटनेचे हे वाचन चारही गटांनी मिळून करावयाचे आहे, आणि त्यात आपणां श्रोत्यांनाही सुटका नाही.