साज उतरवलेली गाडी

नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये लोक रणगाडे बघायला जातात. मॅटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, शिवाय पाकिस्तानी सैन्याकडून आलेला पॅटन. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात अशी पन्नासच्या आसपास वाहनं आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या वाहनांपैकी एक मात्र रणगाडा नव्हे. ती चिलखत चढवलेली मोटार आहे, आणि तिच्या नावापाशी माणूस थबकतो : रोल्स-रॉईस, सिल्व्हर घोस्ट.

हे नाव युद्धासाठी ठेवलेलं नव्हतं. १९०७ साली रोल्स-रॉईसनं आपल्या ४०/५० अश्वशक्तीच्या मॉडेलची एक गाडी जाहिरातीसाठी खास सजवली. बार्कर या कारागीर कंपनीनं तिच्यावर वरून उघडी, चार जणांची बॉडी बसवली, ती ॲल्युमिनियमच्या रंगात रंगवली आणि दिवे-कड्यांसारख्या बाहेरच्या साजाला चांदीचा मुलामा दिला. चांदीसारखी लखलखणारी आणि भुतासारखी बिनआवाजी, म्हणून सिल्व्हर घोस्ट. मुळात एका गाडीचं असलेलं हे नाव पुढे त्या साऱ्या मॉडेललाच चिकटलं.

महाराष्ट्राशी या मॉडेलची ओळख लगेच झाली. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या ६२० मैलांच्या चाचणीत उतरली. त्या काळातल्या रस्त्यांवरून, घाट चढत-उतरत तिनं ती पार पाडली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांना काय हवं होतं ते यातून कळतं. दिमाख हवाच होता, पण घाटात दम न तोडणारं इंजिनही हवं होतं.

अशी शाही गाडी युद्धाच्या कामी आली, याचं एक कारण तिच्या बांधणीत आहे. त्या काळी रोल्स-रॉईस फक्त चासी विकत असे. म्हणजे पोलादी सांगाडा, त्यावर इंजिन, गिअर, चाकं, पुढे रेडिएटर. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. हे कारागीर बहुतेक घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या परंपरेतले. टांग्याचा टप बदलावा तशी मोटारीची बॉडी बदलता येई. उघडी हवी तर उघडी, बंद हवी तर बंद. एकच मालक कधी कधी हंगामाप्रमाणे दोन बॉड्या बाळगत असे. वरचं सगळं उतरवलं तरी खालची गाडी पूर्ण असायची.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाची एक विमान तुकडी कमांडर सॅमसनच्या हाताखाली डंकर्कला पोहोचली. खाली उतरलेल्या वैमानिकांना शोधायला आणि टेहळणीला तिच्याकडे मोटारी होत्या, त्यांत उघड्या टूरर गाड्याही होत्या. सॅमसननं त्यांतल्या काही गाड्या डंकर्कच्या जहाजबांधणी कारखान्यात नेल्या आणि बॉयलरचे पत्रे ठोकून घेतले. ते पत्रे कच्चे होते. जवळून झाडलेली रायफलची गोळी त्यांना भेदून जाई. पण कल्पना पटली, आणि नौदल खात्यानं नीट नमुना तयार केला. त्याच्या पहिल्या तीन गाड्या १९१४ च्या डिसेंबरात हाती आल्या.

या नमुन्यात गाडीचं काय केलं होतं? उघडी बॉडी, गाद्या, कापडी टप, पितळ-चांदीचा साज सगळं गेलं. त्या जागी सुमारे सेंटिमीटरभर जाडीचं चिलखत आलं आणि वर फिरत्या बुरुजात व्हिकर्स मशीनगन. आता मूळ चासीला हे ओझं पेलायचं होतं. म्हणून स्प्रिंगा मजबूत केल्या आणि मागची चाकं दुहेरी केली. रेडिएटर झाकला तर इंजिन तापतं आणि उघडा ठेवला तर गोळी लागते. त्यावर उपाय म्हणून त्याला पोलादी दारं बसवली. चालकानं आतून गरजेप्रमाणे ती उघडायची किंवा मिटायची. इंजिन मात्र तेच राहिलं : सहा सिलिंडरचं, सात लिटरहून मोठं. चार टनांच्या घरात गेलेली ही गाडीही ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळे.

हिंदुस्थानसाठी १९२१ मध्ये वेगळा नमुना आला. त्याची चिलखती बॉडी लांब होती आणि बुरुज घुमटासारखा गोल. सरहद्दीवर गोळी डोंगरावरून येते, ती घुमटावरून घसरून जावी हा हेतू. रोल्स-रॉईस फार महाग पडते म्हणून पुढे त्याच धर्तीच्या क्रॉस्ले गाड्या मागवल्या, आणि उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्यांना आतून ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं. १९३९ च्या सुमाराला क्रॉस्लेच्या चासी झिजल्या. तेव्हा चिलखत तेवढं उचलून शेव्हर्ले ट्रकच्या चासीवर बसवलं. १९१४ मध्ये चासी ठेवून बॉडी टाकली होती, इथे बॉडी ठेवून चासी टाकली. त्याच्या वर्षभर आधी, १९३८ मध्ये, सिंध हॉर्ससारख्या रिसाल्यांनी घोडे सोडून गाड्या घ्यायला सुरुवात केली होती. टँक म्युझियमच्या नावात ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळ, आहे ते यामुळे.

ही कारागिरीची गोष्ट इथे संपवता येत नाही. १३ एप्रिल १९१९ ला जनरल डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा सैनिकांबरोबर त्यानं मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारीही घेतल्या होत्या. बागेत जायची बोळ अरुंद होती. मोटारी आत शिरेनात, म्हणून त्या बाहेर ठेवून तो रायफलधारी सैनिक घेऊन आत गेला. मोटारी आत नेता आल्या असत्या तर बहुधा मशीनगन वापरल्या असत्या, असं त्यानं हंटर समितीसमोर सांगितलं. त्या कोणत्या कारखान्याच्या होत्या हा प्रश्न गौण आहे. गाडीची रुंदी आणि बोळाची रुंदी यांतल्या काही फुटांच्या फरकावर त्या संध्याकाळी किती जीव अवलंबून होते, हे त्या कबुलीतून कळतं.

म्हणून जुनी गाडी ‘मूळ रूपात’ आणायची असं कुणी म्हटलं, की विचारावं : कोणतं मूळ? जुन्या सिल्व्हर घोस्टवर चकचकीत उघडी बॉडी नव्यानं बांधून घेणं हा श्रीमंत संग्राहकांचा छंदच आहे. आयर्लंडनं तसं केलं नाही. १९२२ मध्ये मायकेल कॉलिन्स ज्या ताफ्यात मारला गेला त्यातली ‘स्लीव्ह ना मन’ ही चिलखती रोल्स-रॉईस तिथल्या सैन्यानं चिलखतासकट जतन केली, आणि २०११ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागली.

नगरची गाडीही चिलखतातच उभी आहे, आणि तेच बरोबर आहे. चांदीचा साज पुन्हा चढवला तर ती सुंदर दिसेल, पण मग ती फक्त राजेरजवाड्यांच्या हौसेची गोष्ट सांगेल. ती हौस कोणाच्या कामाला लागली आणि कोणाच्या दारात जाऊन उभी राहिली, हे त्या पोलादी पत्र्यांखेरीज सांगता येणार नाही.