सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी: काय पाहावे, कोणी पाहावे, कधी थांबावे

नाकाचा आकार बदलणे, पोटावरची चरबी काढणे, डोक्यावर केसांचे रोपण करणे, दातांची ठेवण सुधारणे हे उपचार बहुधा आजार बरा करण्यासाठी केले जात नाहीत. ते ऐच्छिक असतात. आतड्याला पीळ पडला, तर रुग्णाची प्रकृती कशीही असली तरी शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा लागतो. सौंदर्यशस्त्रक्रियेत मात्र थांबण्याचा पर्याय सदैव हाती असतो, आणि थांबल्याने प्रकृतीचे काहीही बिघडत नाही. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी इतर शस्त्रक्रियांपेक्षाही काटेकोर असणे आवश्यक ठरते. बंगळूर, मुंबई किंवा हैदराबादसारख्या शहरांत जाऊन असे उपचार करून घेऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीयांनी ही तपासणी नीट समजून घ्यायला हवी.

हैदराबादचा जुना धडा

भुलेच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हैदराबादला मानाचे स्थान आहे. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ होती, भूल मात्र किरकोळ नव्हती.

असे मृत्यू का होतात, याचा शोध घेण्यासाठी हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठवले. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच शहरात घडल्या. भुलेत आधी श्वास थांबतो, मग हृदय, असा निष्कर्ष आयोगाने शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांतून काढला. मात्र अर्धवट भुलेत हृदयाची लय आधी बिघडू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले. त्यामुळे आज श्वसन, नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील प्राणवायू या साऱ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवले जाते.

अलीकडची दोन प्रकरणे

फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या ज्युबिली हिल्स भागातील एका दंतचिकित्सालयात हास्य सुंदर करण्याच्या उपचारासाठी गेलेला, लग्न ठरलेला २८ वर्षांचा तरुण दगावला. भुलेची मात्रा जास्त झाल्याचा आरोप त्याच्या वडिलांनी केला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध होणे हा न्यायप्रक्रियेचा भाग आहे. तरीही ‘फक्त एक इंजेक्शन’ म्हणून होणाऱ्या उपचारांकडे किती सहज पाहिले जाते, हे त्यातून दिसले. भाग बधिर करणाऱ्या लिग्नोकेनसारख्या औषधालाही वजनानुसार कमाल मर्यादा असते. ती ओलांडली तर झटके येऊ शकतात किंवा हृदय बंद पडू शकते.

त्याआधी २०१६ मध्ये याच शहरातील एका तरुणाने आईवडिलांना न सांगता उंची वाढवण्यासाठी पायांची हाडे कापून घेतली होती. तेलंगणा राज्य वैद्यक परिषदेने चौकशीअंती संबंधित डॉक्टरचा परवाना काही काळासाठी निलंबित केला. निरोगी शरीरावर शस्त्रक्रिया करण्याआधी रुग्णाचे समुपदेशन किती झाले, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला.

भूलपूर्व तपासणी

तपासणीचा गाभा रक्ताच्या अहवालांत नसून भूलतज्ज्ञाशी होणाऱ्या संवादात असतो. पूर्वी भूल दिली होती का, कुटुंबात कोणाला भुलेचा त्रास झाला का, दमा, मधुमेह, हृदयविकार, फिट्स किंवा ॲलर्जी आहे का, जखमेतून रक्त बराच वेळ वाहते का, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे होते का, हे विचारले जाते. त्यानंतर रक्तदाब, वजन, हृदय व फुप्फुसे, तोंड किती उघडते, मान किती वळते आणि दात हलतात का, हे पाहिले जाते.

भूलतज्ज्ञ रुग्णाची वर्गवारी करतात. पहिल्या वर्गात पूर्ण निरोगी, तर दुसऱ्या वर्गात सौम्य आणि आटोक्यातील आजार असलेली व्यक्ती येते. त्याच दिवशी घरी सोडायच्या सौंदर्यशस्त्रक्रिया साधारणतः या दोन वर्गांपुरत्याच ठेवणे हिताचे असते.

कोणत्या चाचण्या?

सर्वांना सरसकट सर्व चाचण्या लागत नाहीत. वय, आजार आणि शस्त्रक्रियेचा आवाका पाहून त्या ठरतात.

- हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट: रक्तस्राव संभवणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी. रक्तस्रावाचा पूर्वेतिहास असल्यास रक्त गोठण्याची चाचणीही.
- साखर: मधुमेहींमध्ये एचबीएवनसी साडेआठ टक्क्यांहून अधिक असल्यास, साखर आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे श्रेयस्कर.
- क्रिएटिनिन आणि क्षार: रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास.
- ईसीजी: वय अधिक असल्यास किंवा हृदयविकाराची शंका असल्यास. गरजेनुसार टूडी इको.
- गर्भधारणा चाचणी: प्रजननक्षम वयातील स्त्रियांची, त्यांच्या संमतीने.
- एचआयव्ही: २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाला माहिती देऊन, संमतीनेच.
- विशेष तपासण्या: स्तनांच्या शस्त्रक्रियेपूर्वी चाळिशीनंतर मॅमोग्राफी, पापण्यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांच्या कोरडेपणाची तपासणी.

औषधे आणि सवयी

ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, लसणाच्या किंवा जिन्कोच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयात स्टेंट असलेल्यांनी ॲस्पिरिन स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या सामान्यतः तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइडमुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो, त्यामुळे उपाशी राहूनही भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. यांपैकी काय थांबवायचे आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. रुग्णाने एकही औषध लपवू नये.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावे, अन्यथा जखम भरण्यास विलंब होतो आणि ताणलेल्या त्वचेचा भाग मृत होऊ शकतो. एरवी शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास घन आहार आणि दोन तास पाणी वर्ज्य असते.

मनाची तपासणी

इतरांना जेमतेम जाणवणाऱ्या व्यंगाने एखादी व्यक्ती सतत पछाडलेली असेल, तर तो मानसिक विकार असू शकतो. अशा रुग्णाचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही. तो एकामागून एक डॉक्टर बदलत राहतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारा शल्यविशारद रुग्णाचे हितच पाहत असतो.

परगावी जाणाऱ्यांसाठी

प्राथमिक तपासण्या दोन-तीन आठवडे आधी गोव्यात करून घ्याव्यात. दोष आढळला तर तो सुधारण्यास वेळ मिळतो आणि तिकिटे काढली म्हणून शस्त्रक्रिया उरकण्याचा मोह टळतो. तरीही घरच्या डॉक्टरांचा ‘फिटनेस’ दाखला भूलतज्ज्ञाच्या तपासणीची जागा घेत नाही. पोटाच्या किंवा चरबीच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा प्रवास केल्यास पायांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. परतीची तारीख डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच ठरवावी.

आधी विचारावयाचे प्रश्न असे: शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार आणि त्यांची पदवी कोणती? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उपस्थित राहणार का? प्राणवायू आणि हृदय पूर्ववत सुरू करण्याची साधने आहेत का? अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे? पाच लिटरहून अधिक चरबी काढायची असल्यास रात्रभर देखरेखीची सोय आहे का?

कायदा आणि विमा

कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे सौंदर्यशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले आहे. एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सांगितले. रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देण्याचे बंधनही डॉक्टरांवर आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना वगळता सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यात सामान्यतः मिळत नाही.

भूलतज्ज्ञाने ‘आज नको’ म्हटले, तर तो सल्ला मानावा. दिलेली आगाऊ रक्कम बुडेल या भीतीने दुसरे चिकित्सालय शोधू नये. तेथे हाच दोष कोणी तपासलाच नाही, तरी तो शरीरातून नाहीसा होत नाही.